वाडवडिलांचे गाव

वारकरी सज्जनहो, पूर्वजांच्या गावी एकदा तरी जाऊन यावे, असे पुष्कळांच्या मनात येते. जावेच. पण तेथे जाऊन मागावयाचे काय, हे आधी ठरवावे. कोणी पडक्या वाड्यातला वाटा मागतो, कोणी सातबाऱ्यावर आपले नाव शोधतो. कोणी ‘आमच्या आज्याला या गावाने छळले’ म्हणून जुना राग पुन्हा गाठीस बांधून परततो.

माउलींचे चरित्र पाहा. पैठणच्या पूर्वेस गोदातीरी आपेगाव आहे. तेथले कुलकर्णीपण त्यांच्या घराण्यात होते. पणजोबा त्र्यंबकपंत, आजोबा गोविंदपंत. वडील विठ्ठलपंत सासुरवाडीस, आळंदीला राहिले. संन्यास घेऊन गुरुआज्ञेने ते पुन्हा संसारात आले, म्हणून ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकले. पुढे आईबापांमागे चौघे पोरके भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, असे परंपरा सांगते. पैठण म्हणजे वाडवडिलांचाच मुलूख. तेथे त्यांनी वतनाचा शब्द काढला नाही, की कोणाला शाप दिला नाही. तेथून नेवाशास आली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, माउलींनी गीतेवरची टीका पुरी केली आणि शेवटी देवाजवळ मागितले ते साऱ्या विश्वाचे कल्याण. छळणारेही त्यात आलेच की!

‘पितृ’ हा शब्द ‘पा’ धातूपासून आला. त्याचा अर्थ रक्षण करणे. मग वडिलांनी आपल्यासाठी राखले काय? भिंती तर पडतात. जायकवाडीचे धरण १९७६ साली झाले, नाथसागर भरला, आणि कित्येक गावे पाण्याखाली गेली. त्या गावच्या लेकरांनी दिवा कोठल्या ओट्यावर लावावा? पण बाबांनो, आज्याची माळ नातवाच्या गळ्यात असेल, तर त्या घराचा उंबरठा बुडाला असे कोण म्हणेल?

म्हणून मूळगावी गेलात तर आधी देवळात जा. मग गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या पाया पडा आणि विचारा, ‘आमच्या घरी वारी कोणाकडे होती? दिंडी कोणती?’ ती खंडली असेल तर येत्या आषाढीस आपण चालू लागा. गाव राहिले असो वा नसो, वडिलांचा हा वाटा अजून पंढरीच्या वाटेवर आहे, आणि त्यावर भाऊबंदकीचा दावा लागत नाही.

रामकृष्णहरि.