मोत्याची सुटी

दिवाळीची सुटी आठ दिवसांवर आली आणि आमच्या घरात एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला. दापोलीला जायचे हे ठरलेले होते; मोत्याला न्यायचे की नाही, एवढेच ठरायचे होते. नातीचा निकाल तयार होता. "आजोबा, मोत्या घरचाच ना? मग तो येणारच!"

मुलगा व्यवहारी. धाराशिवहून कोकण म्हणजे दिवसभराची मोटार. त्याने टिपण काढले: लस टोचल्याचे कार्ड, पिण्याचे पाणी, रोजचेच खाणे, गळपट्ट्यावर फोन नंबर, निघण्याआधी तीन-चार तास पोटात काही नको, दर दोन तासांनी पाय मोकळे करणे. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: बंद मोटारीत एकटा ठेवायचा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि तापलेल्या मोटारीत तेवढे पुरत नाही. रेल्वेचाही विचार झाला. पण तेथे पहिल्या वर्गाचा अख्खा कप्पा आपल्या नावे असेल तरच कुत्रा सोबत. एरवी त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. हे ऐकताच नातीने रेल्वे रद्द केली.

टिपण निर्दोष होते. पण कसे न्यावे, याचे ते उत्तर होते. कोणासाठी न्यावे, हे त्यात कोठेच नव्हते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही त्याला शेजारी ठेवून गेलो होतो. परतल्यावर शेजारीण म्हणाली, "काका, दूधभाकरी घातली, पण दोन दिवस फाटकातून हलला नाही बघा." फाटकापाशी मातीत त्याच्या अंगाचा खळगा पडला होता. तो खळगा मी अजून विसरलेलो नाही.

अशा वेळी आपल्याला धर्मराज आठवतो. कुत्र्यावाचून स्वर्ग नको म्हणणारा! मुलांना ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगत आलो. परवा मात्र ध्यानात आले, की त्या कुत्र्याला कोणी नेले नव्हते. तो आपण होऊन मागे निघाला होता, आणि वाटले असते तर पहिल्याच वळणावरून परतू शकला असता. आमच्या मोत्याच्या गळ्यात पट्टा, आणि पट्ट्याचे टोक माझ्या हातात. मग निष्ठा त्याची की पट्ट्याची?

परीक्षा म्हणून रविवारी त्याला नळदुर्गला नेले. तुळजापूर येईपर्यंत तो थरथरत होता, पुढे ओकला. वाटेत ऊसतोडणीला निघालेल्या एका कुटुंबाची ट्रॉली दिसली. आमच्या वाशी-भूमकडची कितीतरी बिऱ्हाडे या दिवसांत अशी बाहेर पडतात. भांडी, गोधड्या, पोरे, एक शेळी, आणि सर्वांच्या वर गावठी कुत्रे, वाऱ्याकडे तोंड करून. "त्यांचा बघा कसा मजेत आहे!" नात म्हणाली. मी गप्प राहिलो. मागे घराला कुलूप आणि पुढे पाच-सहा महिने कोपी. त्यांना आमच्यासारखा प्रश्नच पडत नसावा. प्रश्न पडणे हीदेखील एक चैनच आहे.

मंडळी किल्ल्यात बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहायला गेली. 1613 सालचे ते बांधकाम, अंगावर धबधबे झेलत अजून उभे आहे. मी मोत्याला घेऊन बाहेर चिंचेखाली थांबलो. एकाच दगडाचा वास घेण्यात त्याने अर्धा तास घालवला. दगड नळदुर्गचा की दापोलीचा, याच्याशी त्याला कर्तव्य दिसले नाही.

घरी आल्यावर मी जाहीर केले, "तुम्ही जा. मी मोत्याजवळ राहतो. फटाक्यांना तो भितो, आणि मोटारीलाही."

"अहो, त्याचं निमित्त कशाला करता?" सौभाग्यवती म्हणाल्या. "प्रवास तुम्हालाच नको असतो." मला उत्तर सुचले नाही. भूतदयेत आळसाचा वाटा किती, हे मोजायला तराजू कोणता आणावा?

निघायच्या पहाटे सामान भरून झाले. मोटारीचे दार उघडे होते. मोत्या अंगणातून आला, क्षणभर थबकला, आणि थरथरतच आत चढून नातीच्या पायाशी बसला. पट्टा अजून खुंटीवरच होता.

मी आत जाऊन माझी पिशवी भरायला घेतली.