भाकरीचा हिशेब

काटोलहून नागपूरला शिकायला गेलेल्या प्रत्येकाला सेमिनरी हिल्स माहीत असते. तिथे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, तिच्यावरून त्या टेकडीला हे नाव पडलं. धर्म शिकणं आणि शिकवणं हे आयुष्यभराचं काम असू शकतं, याची ती टेकडी आठवण करून देते. या कामाकडे कधी कधी उद्योगधंद्यातली बडी माणसंही वळतात. त्यांनी मोठा पगार सोडला, गाडी सोडली, बंगला सोडला, याचं आपण फार कौतुक करतो. मला मात्र त्यांनी काय सोडलं यापेक्षा सोबत काय नेलं, हे अधिक महत्त्वाचं वाटतं.

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्याला एक माणूस होऊन गेला, जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म 1892 चा, तंजावरचा, घराणं श्रद्धाळू ख्रिस्ती. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी स्वतःची फर्म थाटली. पुढे अमेरिकेत शिकायला गेले. भारत दरिद्री का, या विषयावर तिथल्या एका चर्चमध्ये त्यांनी भाषण दिलं. ते कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सेलिग्मन यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहायला सांगितलं. कुमारप्पांनी सरकारी जमाखर्च उलगडायला घेतला. आकडेच त्यांना सांगू लागले की हा देश जन्माने गरीब नाही, त्याला गरीब ठेवलं जातं आहे. तो प्रबंध घेऊन 1929 च्या मे महिन्यात ते साबरमतीला गांधीजींना भेटले. मुंबईच्या धंद्यात ते पुन्हा रमले नाहीत.

गांधीजींनी या हिशेबनिसाला धर्मोपदेश करायला बसवलं नाही. त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या गावोगावी पाहणीला पाठवलं. 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. त्या वेळची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. स्वयंसेवकांच्या जेवणखर्चाची मर्यादा ठरलेली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा त्यांच्या खर्चाला ही मर्यादा पुरेना. जादा खर्च निधीतून करायला कुमारप्पांनी साफ नकार दिला. पैसा भूकंपात घर गेलेल्यांचा आहे, तो पाहुण्यांवर खर्च होणार नाही, मग पाहुणा कुणीही असो. ज्याच्यासाठी सगळं सोडून आलो, त्यालाच नाही म्हणायचं, याला मी श्रद्धा म्हणतो. आपल्या गावातल्या किती देवस्थानांचे, किती मंडळांचे हिशेब असे ठेवले जातात?

त्याच वर्षी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनवाडी हे नाव मिळालं आणि कुमारप्पा तिथे राहायला आले. माझ्या दृष्टीने ही मगनवाडीच त्यांची सेमिनरी. इथे गावात काम करणारे तरुण तयार झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ हे इथले विषय. रामानुजांच्या ईश्वरकल्पनेचा अभ्यास केलेले त्यांचे भाऊ भारतनही इथेच कामाला होते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुमारप्पा होते. या समितीने सहाशेहून अधिक गावं पाहिली. म्हणजे आपल्याच प्रांतातली गावं. तिथले लोक काय खातात, काय विकतात, कशाचे किती हातात पडतात, हे विचारणं त्यांना प्रार्थनेपासून वेगळं वाटत नव्हतं.

धर्म आणि जमाखर्च त्यांच्या मनात किती एकजीव झाले होते, हे त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकावरून कळतं. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकार इथला माल उचलत होतं आणि मोबदल्यात लंडनच्या खात्यात नुसती नोंद करत होतं. त्यावर कुमारप्पांनी 1942 मध्ये लेख लिहिला आणि त्याला भाकरीऐवजी दगड अशा अर्थाचं नाव दिलं. लेकराने भाकर मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर दगड ठेवेल, हा येशूचा प्रश्न. शब्द बायबलमधले, नजर हिशेबतपासनिसाची. नुसत्या धर्मपंडिताला त्या खात्यातली फसवणूक दिसली नसती, आणि नुसत्या हिशेबनिसाला त्यात पाप दिसलं नसतं.

पुढे जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी जगण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. कुणी दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. कुणी बागेत शिरलेल्या माकडासारखा, न लावलेली फळं खाऊन निघून जातो. मधमाशी मध घेते, पण फुलाला फळही धरवते. सगळ्यांत वर आहे मोबदला न मागता पिलांना भरवणारी पक्षीण. संत्र्याच्या बागा राखणाऱ्या काटोलकरांना यातलं माकड कुणी समजावून सांगायला नको. बहार झाडावर असतानाच सौदा होतो, तेव्हा समोरचा माणूस यातल्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे शेतकऱ्याला बरोबर ठाऊक असतं. आपण स्वतः कुठे उभे आहोत, हे विचारणं जड जातं.

गांधीजींचा कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बसतो की नाही, यावरून कुमारप्पांनी चर्चमधल्या वरिष्ठांशी जाहीर वाद घातला. तरी ते अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिले. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रासला त्यांचं निधन झालं.

पुण्यात, बंगळुरूत कंपन्यांमध्ये वरच्या जागी पोचलेली आपली मुलं सणाला घरी येतात, तेव्हा कधी कधी सगळं सोडून काहीतरी चांगलं करावंसं वाटतं म्हणतात. त्यांना माझी एक विनंती आहे. राजीनामा लिहिण्याआधी एकदा वर्ध्याला जा. गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे आहे. ते नीट पाहा आणि आपल्या हातात असलेलं कसब गावातल्या कोणत्या कामाला लागेल, याचा विचार तिथे बसून करा.