पापांगीकार कोणापाशीं करावा?

आदितवारीं उपासनेच्या वेळीं आम्ही सर्व मिळून पापांगीकार करितों. एका सुरांत "आम्ही चुकलों" म्हणतों, आणि त्या सुरांत ज्याचें त्याचें पाप असें मिसळून जातें कीं शेजारीं बसलेल्यालाही तें ऐकूं येत नाहीं. हा अंगीकार खोटा आहे, असें आमचें म्हणणें नव्हे. तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न मात्र घरीं परतल्यावर उभा राहतो.

जुन्नरच्या पश्चिमेस, भातखाचरांच्या मुलखांतलें एखादें घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. सासूचे चार सोन्याचे मणी दिसेनासे झाले. "तुझ्या माहेरची माणसं येऊन गेली ना गं?" एवढेंच सासू जावेदेखत म्हणाली. "नाही हो आत्याबाई," म्हणून सून गप्प राहिली. पुढें महिनाभर कोठीची किल्ली तिच्या हातीं आली नाहीं. मग एके दिवशीं कणगी झाडतांना मणी सांपडले. "सापडले बाई एकदाचे," सासू म्हणाली. आणि त्या रात्रीं सुनेच्या भातावर तुपाची धार जरा अधिक पडली.

ह्या तुपाला आम्ही हलकें लेखीत नाहीं. आमच्या घरांतून थोरांनीं धाकट्यांपुढें "माझं चुकलं" म्हणण्याची रीत नाहीं. राग गेला हें ताटावरून समजायचें. रुसलेल्या भावाला "चल, जेवून घे" म्हणणारा भाऊ पुष्कळदां आपल्या परीनें क्षमाच मागत असतो. परंतु ह्या सुनेवर चोरीचा आळ होता, आणि तुपानें आळ धुतला जात नाहीं. तो शब्दानें आला, शब्दानेंच उतरला पाहिजे. शिवाय ज्या जावेच्या कानीं गेला तिच्या समक्ष उतरला पाहिजे. कालांतरानें सर्व विसरतें, असें वडील माणसें सांगतात. आंबेगांव तालुक्यांतील डिंभे धरणांत जुनें आंबेगांव बुडालें. पण उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तेथलीं जुनीं बांधकामें पुन्हा दिसूं लागतात.

कोणी म्हणेल, सासूनें देवापुढें पदर पसरला, देवानें क्षमा केली. आतां सुनेचा काय संबंध? असे लोक ५१ वें स्तोत्र दाखवितात, कारण तेथें दावीद केवळ देवाविरुद्ध केलेल्या पापाचें बोलतो. पण उरीया तेव्हां मेलेला होता. त्याची क्षमा मागण्याची वाट दावीदानें स्वतःच बंद केली होती. सून तर चुलीपुढें बसली आहे! मोशेच्या नियमशास्त्रांत दुसऱ्याचें बळकावलेलें भरून देऊन वर पांचवा हिस्सा द्यावा, असें आहे. जक्कयानें चौपट देऊं केलें. आणि प्रभूनें तर वेदीपाशीं आणलेलें अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास सांगितलें.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांव येथें, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं मोठी जागृति झाली. मुली व स्त्रिया रडून आपलीं पापें कबूल करीत. तो वृत्तांत वाचून आमच्या मंडळ्यांना तसे अश्रु हवेसे वाटतात, व वाटावेत. तरी मोठ्या मेळ्यांत रडण्यापेक्षां, सून भाकरी थापीत असतां तिच्याशीं दोन शब्द बोलणें आम्हांस अधिक कठीण दिसतें.

आणखी एक. "तूं ख्रिस्ती आहेस, क्षमा कर," असें सुनेलाच बजावण्याची घाई आमच्यांत फार आहे, आणि ती बहुधा दुबळ्यावरच होते. क्षमा ही तिनें द्यावयाची देणगी आहे. ती तिच्याकडून वसूल करितां येत नाहीं.

समजा, त्या सासूनें जावेला हांक मारली, आणि तिच्यादेखत म्हटलें, "पोरी, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. माझं चुकलं." समजा, कोठीची किल्ली सुनेच्या पुढ्यांत ठेवली. सून त्या रात्रीं कांहीं बोलली नाहीं. सासूलाही नीट झोंप लागली नाहीं. सकाळीं उठून सुनेनें कोठी उघडली, आणि आंतूनच विचारलें, "आत्याबाई, तांदूळ किती काढू?"