लपायचे कोणापासून?

कष्टकऱ्यांमध्ये वावरताना फोटोग्राफरने दिसू नये, असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. कॅमेरा दिसला की भिवंडीचा यंत्रमाग कामगार घाम पुसतो, बनियनवर शर्ट चढवतो, केसांवरून हात फिरवतो. फोटोग्राफर म्हणतो, चित्र बिघडले. आम्ही विचारतो, कोणाचे बिघडले? चारचौघांत नीट दिसावे, ही इच्छा लग्नाच्या फोटोत आपण सगळेच बाळगतो. मग मागावरच्या माणसाकडूनच ती का काढून घ्यायची?

तरीही न दिसण्याचा आग्रह सरसकट खोटा म्हणता येत नाही. कामात गढलेल्या माणसाच्या हातांत जे कसब असते, ते पोज घेताच निघून जाते. प्रश्न आहे तो लपायचे कोणापासून, हा.

अमेरिकेतल्या लुइस हाइनने १९०८ मध्ये शाळेतली नोकरी सोडली आणि तो राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी फोटो काढू लागला. गिरणीमालक त्याला आत घेत नसत. मग तो कधी बायबल विकणारा, कधी आगीची तपासणी करणारा बनून शिरे. मुलाची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी, खिशातल्या खिशात टिपणे करी. ही सरळ फसवणूक होती. पण फसत होता मालक. मुलांसमोर तो आपला मोठा पेटीचा कॅमेरा उघडपणे मांडी, त्यांना नाव-वय विचारी. म्हणूनच सूतगिरणीतल्या त्या पोरी आजही थेट आपल्या डोळ्यांत पाहतात.

उलट वॉकर इव्हान्स. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने कोटाआड कॅमेरा लपवला. भिंग गुंड्यांच्या फटीत, बटणाची तार बाहीतून हातात. समोर दमलेली, आपल्याच विचारात बुडालेली माणसे. तो लपला त्यांच्यापासूनच. चेहरे अप्रतिम आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यालाही काही खटकत असावे; पुस्तक निघाले ते १९६६ मध्ये.

आम्हा मुसलमानांना ही गोष्ट जरा जवळून कळते. वर्तमानपत्राला आमच्याविषयीचा मजकूर सजवायचा असला की टोप्यांची पाठमोरी रांग किंवा रस्ता ओलांडणारा एखादा बुरखा पुरतो. कोणी विचारलेले नसते. बुरख्याच्या आत कोण आहे, ती कामावरून येते आहे की दवाखान्यात निघाली आहे, याची कोणाला गरजही नसते.

दिसेनासे होण्याची आणखी एक रीत आहे. तिला वेळ लागतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये सुधारक ओलवे अनेक वर्षे वावरले. इतक्या सहवासानंतर कॅमेरा लपवावा लागत नाही. तो इथेच आहे हे कामगाराला ठाऊक असते, फक्त त्याच्याकडे बघायला त्याला सवड नसते. हे न दिसणे कामगाराने दिलेले असते, आणि तो ते परतही घेऊ शकतो. आम्हाला हीच रीत इमानाची वाटते.

पण लपले नाही म्हणजे झाले, असेही नाही. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँगने समोर उभे राहून एका आईचे फोटो काढले. ती छबी जगभर गेली. नाव मात्र विचारायचे राहिले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळले १९७८ मध्ये, आणि त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, हे त्या बाईंनी तेव्हा बोलून दाखवले.