आधी पायी चालणारा

गावाचा मध्य नव्याने उभारताना आधी मोटारीची वाट आखायची की पायी चालणाऱ्याची, या वादाचा एक जुना धागा भारतातच आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस 1914 मध्ये इथे आले, तेव्हा जुन्या वस्त्या कापून सरळ, रुंद रस्ते काढण्याचा सरकारी खाक्या होता. गेडीस गल्लीबोळ पायी हिंडत, विहिरी, झाडे, देवळे टिपत आणि मोजकीच घरे हलवून मोकळी जागा कशी निघते ते दाखवून देत. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला. रस्त्यांविषयीची त्यांची शिकवण मात्र आपल्या नगररचनेत मुरली नाही.

मोटारी वाढल्या. ब्रिटनमधल्या शहरी वाहतुकीवरच्या बुकॅनन अहवालाने 1963 मध्ये शहरांवरचे संकट ओळखले. पण त्यातला एक उपाय माणसाला वेगळ्या पातळीवर नेण्याचा होता. 2008 मध्ये वांद्र्याला उभा राहिलेला स्कायवॉक त्याच विचाराचा. जमीन गाडीला, जिना माणसाला. गाडी थांबू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्याने पायऱ्या चढाव्यात, हा न्याय मला कधीच पटला नाही.

कोपनहेगनने 1962 मध्येच बाजारपेठेचा स्ट्रोएट रस्ता गाड्यांना बंद केला होता. व्यापारी धास्तावले, पण गिऱ्हाईक तुटले नाही. आपल्याकडे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची ठरली. पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण केले, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंदावले, आणि 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पायी माणसांसाठी मोकळा होऊ लागला. तरीही 2022 मध्ये देशातल्या रस्त्यांवर 32,825 पादचारी मेले.

विदर्भातल्या झरी जामणी या तालुक्याच्या गावाला हा विचार वेगळ्या वाटेने यायला हवा. पुण्याला हरवलेला पादचारी परत आणायचा आहे. झरीत तो अजून आहे. कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, तहसीलच्या कामाला, दवाखान्यात, बाजाराला येणारी बाई पायीच येते, किंवा काळीपिवळी जीपमधून उतरून पायी निघते. गेल्या दशकात तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, त्यात झरीही आली. मुकुटबनला सिमेंट कारखाना आल्यावर जड वाहनांचा प्रश्न तालुक्याच्या दाराशी आला आहे. अशा वेळी विकास म्हणजे रुंद सिमेंट रोड, हे समीकरण पटकन जुळते. सिमेंट रोड हवाच, काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चप्पल ओढून घेतो. पण त्याच्या कडेला नालीवर न हलणारे ढापे, सलग पदपथ आणि कडुनिंबाची रांगही त्याच अंदाजपत्रकात हवी. विदर्भाच्या मे महिन्यात सावली नसलेला पदपथ दुपारी वापरताच येत नाही. रुंदीकरणात जुनी झाडे गेली, तर नवी सावली धरायला वर्षे लागतात. म्हणून आखणीच झाडे वाचवून व्हावी. भाजी घेऊन खाली बसणाऱ्या बायांची जागाही नकाशावर आधी पडावी, नाहीतर पदपथ झाल्यावर अतिक्रमण म्हणून पहिल्यांदा त्याच उठवल्या जातील.