स्क्रू फिरवण्याआधी

बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू झाली, एवढ्यावरून ती दुरुस्त झाली असं म्हणता येईल का? प्रश्न गॅरेजमधला आहे. पण मला तो नीतीचाही वाटतो.

जर्मनमधून भाषांतर करताना साहित्याबरोबर पोटापाण्यासाठी तांत्रिक मजकूरही हाताखालून जातो. त्यातूनच बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंधनयंत्रणेशी माझी ओळख झाली. ही यंत्रणा १९७३ साली आली आणि पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या साध्या मॉडेलांत १९८३ पर्यंत टिकली. नावातला ‘के’ हे ‘सतत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचं आद्याक्षर. इंजिन चालू असेपर्यंत सहाही इंजेक्टरांतून पेट्रोल अखंड फवारलं जातं. ते किती सोडायचं हे संगणक ठरवत नाही. आत येणारी हवा एक गोल चकती ढकलते. चकती जितकी सरकेल तितकं पेट्रोल सुटतं.

आता समजा, चकतीच्या पुढच्या एखाद्या जुन्या रबराला चीर पडली. तिथून शिरलेली हवा चकतीला कळत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोल सुटत नाही. गाडी जागेवर उभी असताना इंजिन अडखळू लागतं. यावर एक सोपा उपाय असतो. मिश्रणाचा स्क्रू तीन मिलिमीटरच्या ॲलन कीनं किंचित फिरवला की पेट्रोल वाढतं आणि इंजिन शांत होतं. मालक खूश होतो. चीर मात्र तशीच राहते.

काही महिन्यांनी दुसरा मेकॅनिक ती चीर शोधून रबर बदलतो. त्याबरोबर गाडी आणखीच वाईट चालते, कारण आता पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं. योग्य काम करणाऱ्याला आपलंच काम चुकलं असं वाटतं. पहिल्यानं मालकाचे पैसे घेतले, ते एकवेळ राहू द्या. त्यानं पुढच्या माणसाच्या हातातला पुरावा बिघडवून ठेवला. माझ्या मते खरा अन्याय हा आहे.

यावर कुणी म्हणेल, रात्री घाटात अडकलेल्याला निदान नको असतं, घर गाठायचं असतं. हे मला मान्य आहे. डॉक्टरही कारण सापडेपर्यंत ताप उतरवतातच. तात्पुरता उपाय करण्यात खोटेपणा नाही; तो कायमचा म्हणून खपवण्यात आहे. ‘स्क्रू अर्धा फेरा फिरवलाय, मूळ कारण सापडलेलं नाही’ एवढी चिठ्ठी बिलासोबत दिली, तरी तो मेकॅनिक प्रामाणिक ठरतो.

भाषांतरात हाच प्रसंग रोज येतो. मूळ वाक्याचा एक सांधा कळत नाही. पण मराठीत ते सफाईदार करता येतं. वाचक ठेचकाळत नाही, संपादक हरकत घेत नाही. पुढचा अभ्यासक त्या गुळगुळीत वाक्यावर आपला युक्तिवाद उभारतो. म्हणून अशा जागी मी समासात खूण करून ठेवते. तिच्यामुळे मजकूर संपादकाकडून परत येतो, मानधन लांबतं, तरीही ठेवते.

त्या काळच्या ९११ची एक जुनी चाचणी मला फार आवडते. इंजिन जागेवर चालू असताना तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचं. ती टाकी हवेच्या मार्गाला जोडलेली असते, त्यामुळे झाकण उघडताच न मोजलेली हवा आत शिरते आणि निरोगी इंजिन अडखळतं. काहीच फरक पडला नाही, तर गळती आधीपासूनच कुठेतरी असण्याचा संशय घ्यायचा. हे सगळं स्क्रूला हात लावण्याआधी करायचं.

या चाचणीला अवजार लागत नाही, खर्चही नाही. फक्त गाडी लगेच सुरळीत करून दाखवण्याचा मोह काही मिनिटं आवरावा लागतो, आणि मालक शेजारी घड्याळ बघत उभा असताना ‘अजून कळलेलं नाही’ असं त्याला सांगावं लागतं.