युधिष्ठिर नापास

एका परीक्षेच्या निकालाबद्दल मला शाळेपासून शंका आहे. परीक्षक साक्षात द्रोणाचार्य. झाडावर पक्षी आणि प्रश्न एकच : तुला काय काय दिसते? युधिष्ठिराने सरळपणे सांगितले, झाड दिसते, पक्षी दिसतो, भाऊ दिसतात, आपणही दिसता. त्याला बाजूला काढण्यात आले. अर्जुन म्हणाला, पक्ष्याच्या डोक्याशिवाय मला काही दिसत नाही. त्याचा पहिला नंबर! (डोक्याचा डोळा आणि पक्ष्याचा पोपट आपल्या मास्तरमंडळींनी केला. मूळ महाभारतात तो भास नावाचा पक्षी आहे, आणि तोही कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेला.) ज्याला सगळे दिसते तो नापास आणि ज्याला काहीच दिसत नाही तो पास, हा न्याय मला तेव्हाही पटला नव्हता. पण आमच्या घरात मास्तरांच्या निकालावर अपील करायची पद्धत नव्हती.

हा जुना खटला अलीकडे पुन्हा उभा राहिला तो आमचे स्नेही वसंतराव यांच्यामुळे. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, विष्णुसहस्रनाम म्हणतात. वसंतरावांनी एअर रायफल घेतली. तेवढ्यावर भागले असते. पण मग त्यांनी तिच्यावर बसवायला दुर्बीण आणली, आणि तीसुद्धा साधी नव्हे. आतली अधिकच्या चिन्हासारखी फुली बटण फिरवले की लालभडक पेटते. वहिनींची समजूत अशी झाली की ही एक प्रकारची बॅटरी असून माळ्यावरचे डबे शोधायला कामी येईल. ती येत नाही. कारण तो उजेड समोर पडतच नाही. तो फक्त आपल्याच डोळ्यात पडतो. काळ्या निशाणावर काळी फुली हरवू नये, एवढ्यासाठी तो दिवा.

दुर्बिणीची परीक्षा घ्यायला आम्ही रेंजवर गेलो. 'आम्ही' म्हणजे वसंतराव, त्यांचे कणकवलीकडचे आप्पाकाका, वय ब्याऐंशी, आणि मी. तिथल्या प्रशिक्षक बाई वयाने वसंतरावांच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी सांगून टाकले की ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. बीजिंगला २००८ साली अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतले, पॅरिसला २०२४ साली आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ घेतले, ते बारीक भोकातून बघून, भिंगाशिवाय. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हे ऐकून वसंतरावांनी आपली दुर्बीण रुमालाने जरा जास्तच पुसली.

दुर्बीण तपासायची रीत मात्र मला फार आवडली. पहिल्यांदा रायफल पक्की टेकवून ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि डोके थोडे इकडेतिकडे हलवून बघायचे. फुली निशाणावरून सरकली तर भिंगांचा मेळ नीट बसलेला नाही. (माणसांची अशी तपासणी होत नाही हे कितीतरी पुढाऱ्यांचे भाग्य.) मग चौकोनाची परीक्षा. वरची चकती वीस घरे वर, बाजूची वीस घरे उजवीकडे, मग वीस खाली, वीस डावीकडे. प्रत्येक कोपऱ्यावर तीन छर्रे. एका घराला दहा मीटरवर जेमतेम पाऊण मिलिमीटर फरक. शेवटचे छर्रे पहिल्याच भोकांशी आले पाहिजेत. फाटकापर्यंत शतपावली करून माणूस आपल्याच घरात परतावा, तसे. वसंतरावांची दुर्बीण परतली. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, त्यात भल्याभल्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात. ही टिकली.

उजेडाची परीक्षा संध्याकाळी, अर्ध्या ट्यूबलाइट मालवून. वसंतराव ओणवे झाले आणि बाईंनी विचारले,
"काका, चापावर बोट ठेवायच्या आधी सांगा, काय काय दिसतंय?"

मी चमकलोच. शब्दसुद्धा तेच!

वसंतराव महाभारतावर वाढलेले. ते अभिमानाने म्हणाले, "फक्त फुली!"

"मग रायफल खाली ठेवा."

रेंजचा पहिला नियम म्हणे हाच. निशाण तर दिसलेच पाहिजे, पण निशाणाच्या मागे काय आहे, शेजारी कोण आहे, कोणी पुढे गेले आहे का, हेही सांगता आले पाहिजे. म्हणजे युधिष्ठिराचे उत्तर. या बाई द्रोणाचार्यांच्या जागी असत्या तर अर्जुनाला घरी पाठवला असता.

वसंतरावांना फक्त फुली दिसत होती याचे कारण त्यांनी दिवा पूर्ण वर नेला होता. अंधार पडू लागला की मोठा केलेला लाल उजेड पसरतो आणि निशाणच गिळून टाकतो. बाईंनी बटण अगदी खाली आणले, तेव्हा कुठे कागद दिसू लागला.

इतका वेळ गप्प बसलेले आप्पा पुढे झाले. एक डोळा मिटून त्यांनी दुर्बिणीतून पाहिले, बटण स्वतः वर नेले, पुन्हा खाली आणले, आणि रायफलीपासून बाजूला होऊन बसले.

"पासष्ट सालची गोष्ट," ते म्हणाले. "नाचणीत डुकरं शिरायची. तिन्हीसांजेला बंदूक घेऊन बांधावर बसलो होतो. करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. काळं, जाडजूड. माशीवर नेम धरला. चाप ओढणार, तर जाळीत लाल ठिपका दिसला. एवढासा. विझला, परत लागला."

"डोळा?" वसंतराव म्हणाले.

"बिडी. आमचा शेजारी. घोंगडी पांघरून तोही डुकरांवरच बसला होता."

कोणी काही बोलले नाही. आप्पांनी दुर्बिणीकडे बोट केले. "ही असती तर त्याच्या ठिपक्यावर माझा ठिपका बरोबर बसला असता."

द्रोणाचार्यांची बाजू मला कळते. पक्षी खोटा होता. कागदावर, लाकडावर नेम शिकायचा तर बाकीचे जग विसरावेच लागते; त्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला भावंडे नसतात. घोटाळा होतो तो पुढे, पक्षी खरा असतो तेव्हा. खुद्द अर्जुनाचेच बघा ना! कुरुक्षेत्रावर त्याने हौसेने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करायला लावला आणि काय काय दिसले? आजोबा दिसले, मामा दिसले, भाऊ दिसले, आणि आचार्य, आपणही दिसलात! थेट युधिष्ठिराचा पेपर. गांडीव हातातून गळाले, आणि ते पुन्हा उचलायला लावण्यासाठी प्रत्यक्ष भगवंतांना अठरा अध्याय बोलावे लागले. त्या दिवशी त्याला पास करायचे की नापास, यावर लोक अजून भाष्ये लिहीत आहेत. मी काय सांगणार? पण बांधावर माझ्या समोर कोणी बंदूक घेऊन बसणार असेल, तर तो धर्मराज असावा एवढी माझी इच्छा आहे. अर्जुनाबद्दल मला आदर आहे, पण तो दुरून.

परतताना वसंतरावांनी दुर्बिणीची बाजू मांडून पाहिली. उजेड कमी करता येतो, अकरा पायऱ्या आहेत, वगैरे.

"बंद करता येतो का?" आप्पांनी विचारले.

येतो. फुली काचेवरच कोरलेली आहे, दिवा नसला तरी काळी दिसते. आतला नाण्याएवढा सेल वसंतरावांनी दुसऱ्याच दिवशी काढला. वहिनींच्या वजनाच्या काट्याला तोच लागतो, आणि तो काटा गणपतीपासून बंद होता.